हवा जमा, शाई नावे

आमच्या बँकेच्या काउंटरवर ग्राहकांसाठी एक बॉलपेन ठेवलेलं असतं आणि ते सुतळीनं बांधलेलं असतं. माणसानं जन्माची कमाई आमच्याकडे डोळे मिटून ठेवावी, अशी आमची अपेक्षा. आमचा मात्र त्या माणसावर पाच रुपयांच्या पेनापुरताही भरवसा नाही. सुतळीची लांबी दीड फूट. म्हणजे आमचा विश्वास दीड फूट लांब आहे, असं म्हणायला हरकत नाही. तरीही महिन्यातून एकदा सुतळी शिल्लक राहते आणि पेन जातं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी पेनाला टोपण असे. कुणी सहीपुरतं पेन मागितलं की शहाणा माणूस टोपण काढून स्वतःच्या हातात ठेवी आणि नुसतं पेन पुढं करी. उघडं पेन खिशात घालून कुणी पळत नाही. पळालाच तर त्याच्या सदऱ्यावर पुरावा उमटतो. तारण ठेवून कर्ज देण्याची याहून निर्धोक पद्धत बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला कुणी शिकवली नाही.

हे सगळं मला सुचतं याचं कारण, गेली काही वर्षं मी जुनी फाउंटन पेनं जमवतो. आमच्या घरात या छंदाला 'भंगार' असा सुटसुटीत शब्द आहे. आजमितीला माझ्याकडे त्रेचाळीस पेनं आहेत. त्यांपैकी चार लिहितात, अकरा गळतात आणि उरलेली काहीच करत नाहीत. "अगदी तुमच्या हापिसासारखं," असं आमची ही म्हणते. मी त्यावर काही बोलत नाही, कारण प्रमाण साधारण बरोबर आहे.

छंदाची सुरुवात एका पत्र्याच्या ट्रंकेतून झाली. आमचं गाव नांदूरघाट. तालुका केज, जिल्हा बीड. बदल्या होत होत मी एकदाचा गावाच्याच शाखेत येऊन पडलो आणि वाड्याची एक खोली रिकामी करताना आजोबांची ट्रंक निघाली. तिच्यात एक रुमाल, त्यात कागदांचं भेंडोळं आणि भेंडोळ्यात एक काळंभोर, जाडजूड, करंगळीएवढ्या निबचं पेन. आजोबा निजामाच्या राज्यात मोमिनाबादच्या तहसील कचेरीत कारकून होते. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. तेव्हा बीडलाही कागदोपत्री 'भीर' म्हणत. गावं तीच, माणसं तीच; नावं मात्र सरकार ठेवील ती.

पेन हातात आल्यावर त्याची वंशावळ शोधणं आलं. माणूस पन्नाशीकडे झुकला की त्याला एकतर गुडघेदुखी लागते नाहीतर इतिहास. मला दोन्ही लागले.

आपल्या भागाचं शाईशी नातं फार जुनं आहे. अंबाजोगाईचे दासोपंत, सोळाव्या-सतराव्या शतकातले, इतकं लिहीत की त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे असं सांगतात. गीतेवर त्यांनी 'गीतार्णव' लिहिला, त्याच्या ओव्या सव्वा लाख सांगतात. एवढ्यावर न थांबता त्यांनी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर ग्रंथ लिहिला. ती पासोडी अंबाजोगाईत जतन करून ठेवली आहे. आमच्या शाखेत स्टेशनरीचं मागणीपत्र भरताना मला नेहमी दासोपंत आठवतात. रोजची एक ढब्बू पैशाची शाई आमच्या विभागीय कार्यालयानं मंजूरच केली नसती. 'गेल्या महिन्याच्या शाईचा हिशेब सादर करावा' असा शेरा मारून कागद परत आला असता आणि गीतार्णव अठराव्या ओवीवर थांबला असता.

दासोपंतांचं लेखन बोरूचं. बोरू म्हणजे वेताची किंवा नळाची तासलेली कांडी. शाई काजळीची, डिंकात खललेली. ती चारशे वर्षं टिकते. मात्र ती कुणी फाउंटन पेनात घालू नये. काजळीचे कण पेनाच्या बारीक वाटांत जाऊन बसतात आणि डिंक त्यांना तिथं कायमचं घर बांधून देतो. हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. माझ्या त्रेचाळिसांतली दोन पेनं याच ज्ञानापायी खर्ची पडली.

बोरूनंतर टाक आला. लाकडी दांडी, पुढं पोलादी निब आणि शेजारी दौत. टाकाची गंमत अशी की दर पाच-सहा शब्दांना दौतीत बुडवावा लागे. त्यामुळे लिहिणाऱ्याला विचार करायला सक्तीची सुट्टी मिळे. हल्लीचं लेखन वाचताना ती सुट्टी रद्द झाल्याचं जाणवतं. असो.

शाई पेनाच्या पोटातच ठेवावी ही कल्पना लोकांना फार आधीपासून सुचत होती. अडचण एकच होती. शाई एकतर उतरतच नसे, नाहीतर सगळीच्या सगळी उतरे. न्यूयॉर्कला लुईस वॉटरमन नावाचे एक विमा एजंट होते. करारावर सही घेताना पेनानं डाग पाडला, दुसरा कागद आणेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटानं पळवलं आणि चिडून वॉटरमननी पेन सुधारलं, अशी एक गोष्ट सांगतात. जाणकार ती गोष्ट बनावट मानतात. बँकेत बसून विमा एजंट पाहिलेला माणूस म्हणून माझंही मत तेच आहे. केवळ डाग पडला म्हणून विमा एजंट माघारी गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण 12 फेब्रुवारी 1884 रोजी वॉटरमनना पेटंट मिळालं, हे खरं.

त्यांनी केलं काय? निबच्या खाली जी काळी पट्टी असते, जिला आपण जीभ म्हणतो, तिच्यात बारीक खाचा पाडल्या. त्या खाचांतून शाई खाली झिरपते आणि तेवढीच हवा वर पोटात शिरते. हवा आत आली नाही तर शाई बाहेर येत नाही. ज्या दिवशी मला हे समजलं त्या दिवशी मी काउंटरवर बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. हा तर आमचा द्विनोंदी हिशेब! हवा जमा, शाई नावे. प्रत्येक नावे रकमेला तेवढीच जमा रक्कम. फाउंटन पेन हे मुळात वाणिज्य शाखेचं यंत्र आहे आणि आम्ही ते उगाचच कवींच्या हाती दिलं.

हिशेब बिघडतो तोही आमच्यासारखाच. ड्रॉपरनं शाई भरायच्या पेनात शाई संपत आली की पोटात हवा फार साठते. हाताच्या उबेनं ती फुगते आणि उरलीसुरली शाई एकदम बाहेर ढकलते. म्हणजे पेन भरलेलं असताना नीट वागतं आणि रिकामं व्हायला लागलं की अंगावर येतं. मराठीत फाउंटन पेनाला 'झरणी' असा शब्द होता. तो पाडणाऱ्यानं नक्कीच खिशाला पेन लावून मे महिन्यात प्रवास केलेला असणार.

आपल्या देशात पेन आलं ते साहेबाच्या खिशातून. ते आपल्या खिशात जावं म्हणून काही माणसांनी फार खटपट केली. बनारसचे राधिकानाथ साहा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्वदेशी पेनासाठी धडपडत होते. त्यांच्या पेनाचं नाव 'लक्ष्मी'. खरं तर सरस्वती असायला हवं होतं, पण धंदा करणाऱ्यानं देवता नीट निवडावी लागते. पुढं आंध्रात राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन बनवलं. ते वर्ध्याला ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हातून गांधीजींना पोहोचलं आणि 16 जुलै 1935 रोजी गांधीजींनी पत्र लिहून रत्नम यांचे आभार मानले. पेन वापरलं, परदेशी पेनांना ते चांगला पर्याय दिसतं, असा त्या पत्राचा मतलब.

मुंबईत त्याआधीच, 1931 साली, दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भाऊ गोविंद यांच्यासोबत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली होती. छाप घोड्याचा. नंतर फाउंटन पेनची शाई आली तेव्हा घोड्याच्या जागी उंट आला. इराण्याच्या हॉटेलात बसले असताना दांडेकरांना सिगारेटच्या जाहिरातीवरचा उंट दिसला आणि तो पसंत पडला, अशी हकिगत सांगतात. कॅमल आणि इंक मिळून 'कॅमलिन'. 2011 साली तिच्यात जपानच्या कोकुयो कंपनीनं मोठा हिस्सा घेतला. पण मराठी मुलाच्या बोटांना पिढ्यान् पिढ्या निळं करण्याचं श्रेय दांडेकरांचंच. योगायोग असा की आमच्या लहानपणी ज्या चिनी 'हिरो' पेनासाठी आम्ही जीव टाकत होतो, त्याचा शांघायमधला कारखानाही 1931 चाच. त्याचं एक पेन थेट 1941 च्या 'पार्कर 51' सारखं दिसे. पार्कर ज्याच्या मामाकडे, तो मुलगा वर्गात मॉनिटर. हिरो ज्याच्याकडे, तो उपमॉनिटर. आणि आमच्यासारखे गळक्या पेनाचे धनी म्हणजे रयत.

आणि आमच्या मराठवाड्यापुरतं सांगायचं तर आमची राजधानी मुंबई नव्हे, हैदराबाद. परळीला जाऊन रेल्वे धरायची ती तिकडची. तिथं आबिद्समध्ये 1928 पासून 'डेक्कन पेन स्टोअर्स' हे दुकान. हैदराबादला कामाला गेलेला कारकून परत येताना काय आणी? बायकोला बांगड्या आणि स्वतःला पेन.

इथं आमच्या घरात दोन तट आहेत. माझे काका म्हणतात, आजोबांनी हे पेन हैदराबादेत रोख हाली रुपये मोजून घेतलं. आत्या म्हणते, छे, आजोबा मनातून गांधीवादी होते, निजामाची नोकरी पोटासाठी. हे पेन राजमहेंद्रीचं, स्वदेशी, कुणीतरी वर्ध्याहून आणून दिलेलं. हा वाद दर दिवाळीला होतो. पुराव्याअभावी तो चाळीस वर्षं प्रलंबित होता.

पुरावा माझ्या हातात होता. पेनाच्या नळीवर अगदी फिक्कट अशी कोरलेली अक्षरं होती. घाणीखाली दबलेली. नीट दिसत नव्हती. म्हणून मी ती साफ करायचं ठरवलं.

वाचकहो, पुढचा परिच्छेद ज्यांच्या घरी जुनं पेन आहे त्यांनी दोनदा वाचावा.

आधी मी पेन गरम पाण्यात टाकलं. आतली शाई सुटावी हा शुद्ध हेतू. तासाभरानं काढून पाहतो तर काळंभोर पेन शेवाळी झालेलं. मागून वाचलं ते असं : जुनी पेनं एबोनाइटची, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून भट्टीत पकवलेली. जोरात घासलं की अजूनही गंधकाचा वास येतो. ऊन आणि गरम पाणी हे एबोनाइटचे दोन शत्रू. त्याला साधं गार पाणी लागतं, फार तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि तीन-चार दिवसांचा धीर. धीर सोडून बाकी सगळं माझ्याकडे होतं. शेवाळी रंग घालवावा म्हणून मी दात घासायची पेस्ट घेतली, जुना ब्रश घेतला आणि रविवारची सकाळभर पेन घासलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून बघत होते.

"काय करायलास रं?"

"आजोबांचं पेन साफ करतोय, अण्णा."

"लई घासू नकोस. माणूस असो का पेन, फार घासलं की चेहरा जातो."

मी हसलो. दुपारी पेन धुऊन उन्हात धरलं. आरशासारखं चकाकत होतं. नळी गुळगुळीत. अक्षरं नव्हती.

पहिलं अक्षर 'डी' होतं की 'आर', एवढंच बघायचं होतं. त्या एका अक्षरावर आजोबांचा सगळा राजकीय इतिहास अवलंबून होता आणि तो मी नळाखाली वाहून घालवला. बँकेत आम्ही दहा वर्षांपूर्वीची व्हाउचरं नष्ट करायची तर तीन सह्या घेतो. इथं मी ऐंशी वर्षांपूर्वीचा दस्तऐवज एकट्यानं, रविवारी, सरकारी मंजुरीशिवाय नष्ट केला. काकांना अन् आत्याला अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला तर दिवाळीला मी बाहेरगावी असेन.

पश्चात्ताप झालेला माणूस नेहमी तज्ज्ञाकडे जातो. मी अंबाजोगाईच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. एके काळी घड्याळजी पेनंही दुरुस्त करत, पेनावर नावंही कोरून देत. त्यांनी डोळ्याला भिंग लावून निब बघितली. निबच्या टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा मोहरीएवढा ठिपका असतो. लिहिणाऱ्याचा हात जसा कलतो तसा तो वर्षानुवर्षं झिजतो. म्हणून दुसऱ्याला पेन देऊ नये, निब बिघडते, असं जुने लोक म्हणत. त्यात थोडा कंजूषपणा असला तरी थोडं शास्त्रही आहे.

"हे पेन दोघांनी वापरलंय," घड्याळजी म्हणाले.

"नाही हो, एकट्या आजोबांचं."

"मग आजोबा दोन होते. दोन अंगांनी झिज आहे."

घरी येऊन मी भेंडोळं सोडलं आणि दोन आजोबा सापडले. कागदांच्या एका बाजूला उजवीकडून डावीकडे जाणारं झोकदार उर्दू. कचेरीची भाषा उर्दूच होती. काही कागदांच्या पाठीवर डावीकडून उजवीकडे मोडी, आणि शेवटच्या काहींवर देवनागरी. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. पुढं 1956 साली मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्र झाला. राज्यं तीन बदलली, कचेरीच्या भाषा बदलल्या, गावाचं नाव बदललं. आजोबांनी पेन बदललं नाही, फक्त दिशा बदलली.

आणि मी? मला उर्दू येत नाही. मोडी येत नाही. मी रोज शेकडो सह्या तपासतो, पण माझ्याच आजोबांचं हस्ताक्षर सुंदर आहे यापलीकडे त्यातलं मला काही कळत नाही.

आमच्या शाखेचे एक खातेदार निवृत्त उर्दू शिक्षक आहेत. त्यांना मी एक कागद दाखवला. त्यांनी तो आधी स्वतःशी वाचला, मग चष्मा पुसला, मग मला सांगितला. नांदूरघाटच्या एका शेतकऱ्याचा अर्ज होता. खरीप बुडाला, सारा माफ व्हावा. आजोबा सुट्टीत गावी आले की लोकांना असे अर्ज लिहून देत असावेत. हा कच्चा कागद, म्हणून घरी राहिलेला. खाली अर्जदाराच्या नावापुढं एक अंगठा. पेनाच्याच शाईत बुडवलेला, पसरलेला, चंद्राच्या डागासारखा. त्या माणसाला उर्दू तर नाहीच, मराठीही वाचता येत नसणार. आपण कशावर अंगठा देतोय हे त्याला आजोबा सांगतील तेवढंच माहीत.

संध्याकाळी मी हे अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वडील म्हणायचे, माझ्या लिहिण्यात चूक झाली तर त्याचं शेत जाईल. म्हणून मला मास्तर केलं."

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. 2 ऑक्टोबर 1978 ला देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा दिवसा पोरांना आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्या बापांना शिकवायचं असा त्यांचा दुहेरी पाळ्यांचा धंदा होता. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जाण्याआधी उचल घेतात आणि त्या कागदावर अंगठा देतात. अण्णांचा हट्ट एवढाच, की जाण्याआधी माणसाला स्वतःचं नाव लिहिता आलं पाहिजे. "बाकीचं मागून शिका, आधी सही शिका," असं ते म्हणत. आजही बाजाराच्या दिवशी काउंटरवर एखादा साठीचा गडी भलीमोठी, पाय पसरून बसल्यासारखी सही करतो आणि मला ती ओळखू येते. ती अण्णांची 'श' काढायची पद्धत असते.

मधल्या काळात बॉलपेन आलं होतं. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराला त्याचं पेटंट 1938 साली मिळालं आणि 29 ऑक्टोबर 1945 ला न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात ते साडेबारा डॉलरला हजारोंनी खपलं. आपल्याकडे मास्तरांनी ते बरीच वर्षं शाळेबाहेर ठेवलं. अक्षर बिघडतं हे कारण. जुन्या बँकवाल्यांचाही त्याच्यावर राग. सही खरी वाटत नाही हे कारण. दोघांचाही पराभव झाला, कारण बॉलपेन गळत नाही आणि पाच रुपयांना मिळतं. मीही ते वापरतो. प्रामाणिक माणसानं आपल्या शत्रूचे गुण मान्य करावेत. दोष एकच : ते दाबावं लागतं. त्याच्या टोकाची गोळी फिरली पाहिजे, म्हणून मनगटानं जोर द्यावा लागतो. फाउंटन पेन नुसतं कागदाला टेकवलं की पुरे. बाकीचं हवा आणि शाई आपसात बघून घेतात.

हे ज्ञान मला फारसं उपयोगाचं वाटलं नव्हतं. मग नोव्हेंबर आला.

नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी आपण हयात असल्याचं सिद्ध करायला येतात. अण्णाही आले. वय ऐंशीच्या पुढं, हाताला कंप. यंत्रावर अंगठा ठेवायचा होता. तीनदा ठेवला, तीनदा यंत्रानं नाकारला. आयुष्यभर खडू धरून रेषा पुसट झालेल्या. मग पैसे काढायच्या स्लिपवर त्यांनी सुतळीच्या बॉलपेनानं सही केली. मी संगणकावर नमुना सही काढली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. पडद्यावर अण्णांची जुनी, रेखीव, निळ्या शाईतली सही. हातातल्या कागदावर भूकंपमापकाची नोंद.

बापाची स्लिप आपण पास करायची नसते. मी ती आमच्या साहेबांकडे सरकवली. साहेब पंचविशीतले, सभ्य. त्यांनी दोन्ही सह्या पाहिल्या, मान हलवली आणि फार हळू आवाजात म्हणाले, "सर, सही जुळत नाही. नियमात सोय आहे. दोन साक्षीदार घेऊ आणि अंगठा घेऊ."

अण्णांनी ऐकलं. म्हातारपणी जे ऐकू यायला नको ते नेमकं येतं.

"अंगठा मी देणार नाही."

"आजोबा, फक्त फॉर्मॅलिटी आहे."

"साहेब, या गावातले अंगठे सोडवण्यात माझी हयात गेली. तिचा दाखला म्हणून आता माझाच अंगठा मागता का?"

रांग थबकली. रांगेत त्यांच्या रात्रशाळेचे दोघे-तिघे होते. कुणी बोलेना. इंग्रजांच्या राज्यात, 1858 साली, बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला होता. तिथून जगातल्या ठशांच्या शास्त्राची वाट निघाली म्हणतात. माणसाचा अंगठा खोटं बोलत नाही, हे त्या शास्त्राचं म्हणणं. खरं असेल. पण अंगठा काहीच बोलत नाही, हे अण्णांचं म्हणणं.

मी उठलो. माझ्या पिशवीत आजोबांचं पेन होतं. मी ते काही दिवस चालवून बघत होतो; आत ब्लू-ब्लॅक भरलेली. टोपण काढलं आणि नुसतं पेन पुढं केलं. टोपण सवयीनं माझ्या मुठीतच राहिलं.

अण्णांनी पेन धरलं. त्याच्या शेवाळी रंगाकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. बोलले काही नाहीत. नवी स्लिप घेतली. हात कापत होता, पण निबनं त्यांच्याकडे जोर मागितला नाही. ती आपली सरकत गेली. पहिलं अक्षर थोडं हललं. दुसरं सावरलं. आडनावापर्यंत येता येता तो जुना हात परत आला आणि शेवटची रेघ त्यांनी तशीच खाली ओढली, जशी फळ्यावर ओढत. मग पेनानं आपला स्वभाव दाखवला. शाई संपत आली होती, मुठीच्या उबेनं हवा फुगली आणि सहीच्या शेजारी टपोरा डाग पडला.

साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या. बराच वेळ. मग म्हणाले, "जुळते. डागाचं काय करायचं?"

"डागाचा नमुना तुमच्याकडे नसंल," अण्णा म्हणाले. "तेवढा माफ करा."

रांगेत कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. हयातीच्या दाखल्यावरही त्यांनी त्याच पेनानं सही केली. नवी नमुना सहीही घेऊन ठेवली, कापऱ्या हाताची, पुढल्या वर्षासाठी. पुढल्या वर्षी ती तरी जुळावी, एवढीच माझी इच्छा.

घरी जाताना मी धीर करून अक्षरं घासून गेल्याचं कबूल केलं आणि विचारलं, "अण्णा, पेनावर नाव काय होतं हो? हैदराबादचं की राजमहेंद्रीचं?"

"कुणाला ठाऊक. मी कधी वाचलं नाही."

"इतकी वर्षं घरात असून?"

"वडिलांनी ते वाचायला थोडंच घेतलं होतं? लिहायला घेतलं होतं."

पेन त्यांच्याच खिशाला होतं. तेव्हा मला आठवलं, टोपण अजून माझ्या मुठीत आहे. सदऱ्यावर रुपयाएवढा निळा डाग पसरला होता. मी तो त्यांना दाखवला नाही. घरी गेल्यावर आईनं दाखवला.